लेसर झालं, चष्मा गेला, पण रात्री दिव्यांना खळं पडतंय? टप्प्याटप्प्याने काय करायचं

चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, असं आमची आजी म्हणायची. माझं लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर, झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चांदणी चौकातल्या प्रत्येक दिव्याला खळं पडलं होतं, आणि महिना होता डिसेंबर. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या डोळ्यांतच पावसाळा लागलाय." चेष्टाच होती. सात महिन्यांनी कळलं की नेमकं उलटं झालं होतं. डोळे कोरडे पडले होते.

माझा नंबर उजव्या डोळ्याचा उणे ५.२५, डाव्याचा उणे ४.७५, शिवाय दोन्हीकडे थोडा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या गोलाईतल्या असमानपणाचा नंबर. लग्नाआधी चष्मा घालवायचा हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, मीही त्यात होतेच. दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची ६/६ ची ओळ धडाधड वाचली. सगळे खूश. आणि रात्री स्कूटर काढली तर समोरून येणाऱ्या गाडीच्या जागी पांढराशुभ्र कोळी, पाय पसरून बसलेला. तक्रार घेऊन गेले की उत्तर ठरलेलं: "मॅडम, तुमचं सिक्स बाय सिक्स आहे. होईल सवय."

थोडी सवय झालीसुद्धा. पण कारणं शोधायला मला सात महिने लागले, त्यातले निदान चार फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. त्यांच्यासमोर बसायच्या आधी काय तयारी करायची आणि कुठे फसायचं नाही, तेवढं मी सांगू शकते.

## १. आधी धोक्याच्या खुणा तपासा

खालीलपैकी काहीही असेल तर लेख नंतर वाचा, आजच्या आज डोळ्यांचा दवाखाना गाठा.

- डोळा दुखतोय, लाल झालाय किंवा चिकट स्राव येतोय.
- नजर अचानक कमी झाली, किंवा कालच्यापेक्षा आज सरळसरळ धूसर आहे.
- डोळ्याला मार बसला. लहान मुलाचं बोट, चेंडू, झाडाची फांदी, काहीही. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा) जो पातळ फ्लॅप, म्हणजे पापुद्रा, उचलतात तो मार लागून काही वर्षांनीसुद्धा सरकू शकतो.
- काळे ठिपके एकदम वाढले, कडेला विजेसारखं लखलखतंय, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालंय.

शेवटच्या खुणेबद्दल जरा थांबून सांगते. मोठा उणे नंबर असलेला डोळा मुळात लांबट असतो, त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. लेसर पुढच्या काचेला आकार देतं, मागचा ताण तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून पडद्याची वार्षिक तपासणी सुटत नाही. हे मला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं.

## २. तुमचं 'लेसर' नेमकं कोणतं?

आपल्याकडे डोळ्याला काहीही केलं की 'लेसर केलं' म्हणतात. माझ्या काकांचं मोतीबिंदूचं फेकोसुद्धा घरात 'लेसर' म्हणूनच ओळखलं जातं, आणि नेहमीच्या फेकोत मोतीबिंदू फोडतात तो ध्वनिलहरींनी. प्रत्येक प्रकारात त्रासाचं कारण वेगळं असतं, म्हणून आधी हे नक्की करा.

नंबर घालवण्याचं लेसर म्हणजे लॅसिक, पीआरके, स्माइल वगैरे. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी. पीआरकेत फ्लॅप नसतो, वरची त्वचा काढून लेसर मारतात. त्यामुळे नजर सावकाश खुलते, आणि काहींच्या कॉर्नियावर धुक्यासारखा पुसट थर येतो.

मोतीबिंदूनंतरचं याग लेसर. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागची पिशवी गढूळ होते, ती या लेसरने मध्यभागी उघडतात. नंतर थोडे दिवस तरंगते ठिपके दिसणं नेहमीचं. ते अचानक वाढले तर मात्र वरची खूण लागू होते.

मधुमेहात पडद्यावर मारलेलं लेसर. पडद्याच्या कडेचा भाग मुद्दाम जाळून मधली नजर वाचवतात. त्याची किंमत म्हणून अंधारात कमी दिसणं, कडेचं कमी दिसणं होऊ शकतं. यात चष्मा बदलून फारसा फरक पडत नाही, आणि हे आधीच माहीत असलं तर माणूस उगाच चष्म्याच्या दुकानांच्या चकरा मारत नाही.

काचबिंदूसाठी बुबुळाला पाडलेलं छिद्र. यात काहींना उजेडाची आडवी रेघ किंवा सावली दिसते.

## ३. जे दिसतं त्याला नाव द्या

माझे चार महिने इथे गेले. मी प्रत्येक वेळी जाऊन "रात्री नीट दिसत नाही" एवढंच सांगायचे. या वाक्यात डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर तपासणाऱ्या) ताईंनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "काय दिसतं ते काढा." मी दिवा काढला, त्याला खालच्या बाजूला लांब फाटे काढले. उजव्या डोळ्याने बघून एक, डाव्याने बघून एक. दोन्ही चित्रं वेगळी निघाली! तोवर मी एकेक डोळा झाकून कधी बघितलंच नव्हतं.

तुम्हीही काढा. मोबाइलने दिव्याचा फोटो काढून नेऊ नका. त्यात कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष येतो, तुमच्या डोळ्याचा नाही.

खळं: दिव्याभोवती गोल कडं. रात्री बाहुली मोठी होते, आणि लेसरने आकार दिलेल्या भागाच्या कडेवरून किंवा त्याबाहेरून आलेला प्रकाश वेगळ्या जागी पडतो. थोडा नंबर उरला असेल तरी असंच होतं.

फाटे: दिव्यातून निघालेले किरण. कोरडेपणा, उरलेला सिलिंडर, फ्लॅपवरच्या बारीक सुरकुत्या, किंवा कॉर्नियाच्या आकारातला ओबडधोबडपणा.

सावली: अक्षराशेजारी त्याचंच फिकट दुसरं अक्षर. एकाच डोळ्याने बघतानाही दिसत असेल तर सिलिंडर किंवा मध्यभाग चुकून बाजूला सरकलेलं लेसर, हे तपासायला लागतं. हळूहळू वाढत असेल तर दुर्लक्ष नको. कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगणं दुर्मिळ असलं तरी लवकर पकडलेलं बरं.

दिपणं: समोरच्या गाडीच्या उजेडात बाकी सगळंच पांढरं होणं. डोळ्याच्या पारदर्शक भागांत कुठेतरी धुकं आहे का, हे बघावं लागतं. वय चाळिशी-पन्नाशीपुढे असेल तर मोतीबिंदूची सुरुवातही.

उजेड सहन न होणं: नजर उत्तम, पण खिडकीजवळ बसवत नाही. ब्लेडऐवजी फेमटो नावाच्या लेसरने फ्लॅप कापलेल्या काहींना हे साधारण २ ते ६ आठवड्यांनी सुरू होतं. योग्य ड्रॉप्सनी बहुतेक वेळा आटोक्यात येतं, म्हणून 'सवय होईल' म्हणत बसू नका.

इंद्रधनुष्य: पांढऱ्या दिव्याच्या दोन्ही बाजूंना रंगांचे पट्टे. हेही फेमटो फ्लॅपचंच देणं, बहुधा निरुपद्रवी.

## ४. घरी करायच्या तीन परीक्षा

रात्री गच्चीवर किंवा खिडकीत उभं राहा आणि लांबचा एकच दिवा निवडा. दरवेळी एक डोळा झाकून.

उघडझाप. दोनदा पापण्या मिटा, मग दिव्याकडे टक लावून बघा. पापणी उघडल्याबरोबर स्वच्छ दिसून पाच-सात सेकंदांत फाटे वाढायला लागले, तर संशयित अश्रूंचा थर. लुब्रिकंट ड्रॉपचा एक थेंब टाकून परत बघा. दहा मिनिटं का होईना, फरक पडला तर कारण जवळजवळ सापडलंच.

भोकाचा कागद. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला जाड टाचणीने छोटं भोक पाडा आणि त्यातून बघा. दिवा आवळून आला तर दोष प्रकाश वळण्यात आहे: नंबर, कोरडेपणा, कडेचा भाग, यांपैकी काहीतरी. काहीच फरक नाही पडला तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, कारण मग धुकं, भिंग, पडदा अशा दिशेने बघावं लागतं.

बाजूचा उजेड. घरातल्या कुणाला तरी खोलीतला दिवा लावायला सांगा, म्हणजे बाहुली लहान होईल. टॉर्च सरळ डोळ्यात मारू नका. खळं लगेच आकसलं तर बाहुलीच्या मापाचा त्यात वाटा आहे.

या परीक्षांनी रोगनिदान होत नाही. पण तुमचं बोलणं नेमकं होतं, आणि ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत तेच कामाला येतं.

## ५. किती दिवस वाट बघायची?

पहिले काही दिवस दुधाळ दिसणं, पहिले काही आठवडे रात्रीची खळी, यात घाबरण्यासारखं नाही. पीआरके असेल तर तीन महिनेही लागू शकतात. फ्लॅप करताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत वाढायला साधारण ६ ते १२ महिने जातात. तोवर डोळ्याला आपण कोरडे पडलोय याची वर्दीच नीट पोचत नाही.

आणि हा त्रास तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेच्या एफडीएने प्राउल नावाचे दोन अभ्यास केले, त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅसिकआधी दिसण्याची अशी एकही तक्रार नसलेल्यांपैकी एका अभ्यासात ४३ आणि दुसऱ्यात ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी किमान एक नवी तक्रार सांगितली. खळी त्यात सगळ्यांत पुढे. रोजचं काम अडावं इतका त्रास मात्र १ टक्क्याहून कमी लोकांना होता, आणि बहुतेक लोक ऑपरेशनवर समाधानीच होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मला फक्त दुसरी ऐकवली गेली, म्हणून पहिली इथे ठळक लिहिली.

दर रविवारी रात्री त्याच जागी उभं राहून त्याच दिव्याचं चित्र काढा आणि तारीख घाला. माझ्या वहीत पहिल्या आणि आठव्या आठवड्याच्या चित्रांत ढळढळीत फरक होता, पण रोजच्या चिडचिडीत तो मला जाणवलाच नव्हता. उलट तुमची चित्रं बिघडत जात असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

## ६. कोरडेपणाचा बंदोबस्त आधी

काहीही दुसरं करायच्या आधी हे. डोळा कोरडा असताना काढलेला नंबर, काढलेला कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, सगळंच डळमळीत येतं. मी दोन दुकानांत नंबर तपासला, दोन्हीकडे वेगळा आला आणि मी दुकानांना नावं ठेवली. दोष माझ्या अश्रूंचा होता.

डॉक्टरांनी सांगितलेले लुब्रिकंट ड्रॉप्स त्रास झाला की टाकायचे नसतात, ठरलेल्या वेळेला टाकायचे असतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायचे असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, छोट्या कुप्यांत मिळतात. महाग पडतात, पण नेहमीच्या बाटलीतलं प्रिझर्वेटिव्हच वारंवार पडून कॉर्नियाला चुरचुर करतं. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

पापण्यांच्या कडेला तेलग्रंथी असतात. त्या तुंबल्या की अश्रू टिकत नाहीत, लगेच उडून जातात. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं. फ्लॅप ताजा असताना पापणी दाबायची नाही, म्हणून हे कधीपासून सुरू करायचं ते विचारून घ्या. ऑफिसात एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदला. मी एचआरला मेल लिहिली आणि नवल म्हणजे दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली. स्क्रीनसमोर दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा आणि त्या वेळात मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. स्कूटरवर असाल तर काच खाली.

एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स असतात, त्यांचा गुण यायला महिना-दोन महिने लागतात आणि सुरुवातीला झोंबतात. अश्रू वाहून जाण्याच्या छिद्राला बारीक बूच बसवण्याचाही उपाय आहे. ऐकायला भीषण, प्रत्यक्षात दोन मिनिटांचं काम.

सापळा एक: स्टिरॉइड ड्रॉप्स. ऑपरेशननंतर ठरावीक दिवस देतात ते बरोबर. पण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाल्याकडून तीच बाटली परत परत आणणं अतिशय धोक्याचं. डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि काचबिंदूकडे गाडी जाऊ शकते. त्यात लॅसिकनंतर कॉर्निया पातळ असल्यामुळे मशीनवर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून दाब मोजणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा: "माझं लॅसिक झालंय."

सापळा दोन: घरगुती. गुलाबपाणी, मध, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी. प्रेमाने सांगणारे भरपूर भेटतील. डोळ्यात काहीही घालू नका. आणि डोळे चोळू नका, खाज सुटली तरी.

डोळा दुखतोय, जळतोय, पण तपासणीत काहीच सापडत नाही असं काहींचं होतं. नसांच्या दुखापतीतून येणारी वेदना हा दुर्मिळ पण खरा प्रकार आहे. कोरडेपणाचे उपाय करूनही जळजळ हटत नसेल तर कॉर्नियाच्या तज्ज्ञाला हा शब्दप्रयोग करून विचारा. मन फारच खचलं असेल तर ते घरात बोला, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर. तिथे मराठीत बोलता येतं.

## ७. फाईल ताब्यात घ्या

दुसरं मत घ्यायचं असो वा नसो, हे कागद तुमच्याकडे हवेतच:

- ऑपरेशनआधीचे चष्म्याचे नंबर, जमल्यास दोन वर्षांचे
- आधीचे कॉर्नियाचे रंगीत नकाशे (टोपोग्राफी, पेंटाकॅम), के-रीडिंग (कॉर्नियाच्या वक्रतेचं माप) आणि जाडी
- ऑपरेशनची नोंद: पद्धत, ऑप्टिकल झोन किती मिलिमीटर, किती मायक्रॉन थर काढला, फ्लॅपची जाडी
- अंधारातल्या बाहुलीचं माप, घेतलं असेल तर
- संमतिपत्राची प्रत
- नंतरच्या प्रत्येक भेटीचा नंबर आणि दाब
- कोणते ड्रॉप्स कधी सुरू, कधी बंद

मला डिस्चार्ज कार्डाचा एक कागद मिळाला होता, बाकी "सिस्टिममध्ये आहे". भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं आहे. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज लिहा, पोच घ्या किंवा ईमेल करा. भांडायच्या सुरात नको, "पुढच्या उपचारासाठी हवेत" एवढंच पुरे. मला तिसऱ्या दिवशी सगळं मिळालं.

त्यातला ऑप्टिकल झोनचा आकडा बघा. झोन म्हणजे लेसरने पूर्ण नंबर घालवलेला मधला गोल. झोन जितका रुंद, तितका जास्त थर काढावा लागतो. ढोबळ हिशेब असा: व्यासाचा वर्ग गुणिले नंबर, भागिले तीन. माझ्या उणे ५.२५ ला ६ मिलिमीटरच्या झोनसाठी ६३ मायक्रॉन जातात, ७ मिलिमीटर करायचा तर ८६. कॉर्निया सगळी मिळून साधारण ५४० मायक्रॉनची, त्यात फ्लॅप शंभर-सव्वाशेचा, आणि खाली किमान २५० शिल्लक राहायलाच हवेत. बरेच सर्जन आता ३०० चा आग्रह धरतात. म्हणून मोठ्या नंबरवाल्याला हवा तेवढा रुंद झोन मिळेलच असं नाही. हा हिशेब कळल्यावर माझा डॉक्टरांवरचा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा, हे आधी समजावून का नाही सांगितलं, यासाठी राखून ठेवलाय.

## ८. तपासणीला जाताना

शक्यतो कॉर्निया किंवा रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीच्या तज्ज्ञाकडे जा. पहिली भेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच असू द्या, त्यांच्याकडे आधीचा सगळा डेटा असतो. समाधान नाही झालं तर दुसरं मत, शक्यतो ज्या ठिकाणी तुम्हाला परत लेसर विकण्यात रस नसेल अशा ठिकाणी.

बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकतील, तेव्हा गाडी घेऊन जाऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या. त्या दिवशी सकाळी काजळ-आयलायनर नको.

तुमच्या तक्रारीनुसार यातलं काय काय करणार, ते विचारा:

- सिलिंडरसकट नीट काढलेला नंबर. "किती दिसतं" ही ओळ वेगळी आणि "किती नंबर उरलाय" हे वेगळं. उजव्या डोळ्यात उणे ०.५० आणि ०.७५ सिलिंडर असूनही मी ६/६ वाचत होते!
- अश्रूंची तपासणी. पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर ओली होते, आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो. दहा सेकंदांच्या आत फुटला तर तो कमी टिकणारा.
- हनुवटी टेकवून स्लिट लॅम्पवर फ्लॅप बघणं: सुरकुत्या, कडेने आत शिरलेल्या पेशी, धुकं.
- नवा टोपोग्राफीचा नकाशा, जुन्याशेजारी ठेवून.
- ॲबरोमेट्री. चष्म्याच्या नंबरात न मावणारे दोष यात दिसतात.
- कॉन्ट्रास्टची तपासणी. तक्त्यावर पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं असतात, रात्रीचा रस्ता तसा नसतो. फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता वेगळा असतो.
- दाब आणि पडदा.

आत गेल्यावर "नीट दिसत नाही" म्हणू नका. असं सांगा: "उजव्या डोळ्याला, रात्री, लांबच्या दिव्याला खालच्या बाजूने फाटे. पापणी मिटली की पाच सेकंद बरं वाटतं. आठ आठवड्यांपासून, थोडं कमी होतंय." चित्रं पुढे ठेवा. माझा अनुभव असा की चित्र बघितल्यावर डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात.

## ९. कारण सापडलं, मग?

थोडा नंबर उरला असेल तर सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सुरक्षित उपाय म्हणजे रात्रीचा चष्मा, अँटीरिफ्लेक्शन कोटिंगसह. मला हे ऐकून रडू आलं होतं. चष्मा घालवायला पैसे भरले आणि परत चष्मा! पण तो लावून पहिल्यांदा बाणेरच्या रस्त्याला लागले तेव्हा कोळ्याचे निम्मे पाय गळून पडले होते. आता तो स्कूटरच्या डिकीत असतो, दिवसा आठवणही होत नाही.

बाहुली फार मोठी होत असेल तर संध्याकाळी टाकायचे ब्रिमोनिडिनसारखे ड्रॉप्स काही डॉक्टर देतात, बाहुली अंधारात फार पसरत नाही. हे रोजचं औषध नव्हे आणि स्वतःहून आणायचं तर नाहीच.

कॉर्नियाचा आकारच ओबडधोबड झाला असेल तर सेमी-सॉफ्ट किंवा स्क्लेरल लेन्स. स्क्लेरल लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावर पाण्याचा थर धरून ठेवते, त्यामुळे कोरडेपणालाही आराम. बसवणारा हात अनुभवी लागतो आणि दोन-चार खेपा होतात.

फ्लॅपला सुरकुत्या असतील तर त्या जितक्या लवकर पकडाल तितक्या सोप्या सुटतात.

पुन्हा लेसर करण्याची घाई मात्र नको. कोरडेपणा आटोक्यात आलेला, नंबर तीन-सहा महिन्यांत दोनदा काढून तोच आलेला, आणि खाली पुरेशी जाडी शिल्लक, हे तिन्ही असल्याशिवाय विषय काढू देऊ नका. "फ्री एन्हान्समेंट" हा पॅकेजमधला शब्द आहे. तुमच्या कॉर्नियाला तो फ्री पडत नाही, मायक्रॉन जातातच. कडेचा दोष असेल तर टोपोग्राफीवर आधारित उपचार होतात, पण त्याने कोणती तक्रार किती कमी होईल हे आधी लेखी विचारा. मी केलं नाही. माझ्या ०.५० साठी परत फ्लॅप उचलणं मला पटलं नाही.

विम्याची आशा धरू नका. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च सहसा वगळलेला असतो.

## १०. तोवर रात्री गाडी कशी चालवायची

पहिलं उत्तर: चालवू नका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. मी तीन महिने रात्री रिक्षा केली.

चालवायलाच लागली तर विंडस्क्रीन आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात, आतला तेलकट थर कुणी बघत नाही, आणि समोरचा उजेड तोच फिस्कटवतो. वायपरचं रबर पावसाआधी बदला. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतील तर ती बदला. माझ्या फाट्यांपैकी काही लॅसिकचे नव्हतेच, दोन वर्षं जुन्या काचेचे होते. समोरून अपर मारत कुणी आलाच तर त्याच्या दिव्यांकडे बघू नका. वेग कमी करा आणि रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा.

सापळा तीन: पिवळे 'नाइट ड्रायव्हिंग' गॉगल. सिग्नलवर, ऑनलाइन, सगळीकडे मिळतात. ते उजेड कमी करतात म्हणून बरं वाटतं, पण अंधारात रस्ता ओलांडणारा माणूसही त्यातून कमीच दिसतो. मी एक अक्कलहुशारी अशीही केली होती की बाहुली लहान राहावी म्हणून गाडीतला दिवा लावून ठेवला. काचेवर माझंच प्रतिबिंब दिसायला लागलं. करू नका.

## ११. अजून लेसर केलंच नसेल तर

दोन-तीन गोष्टी पटकन. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स साधारण दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट तीन-चार आठवडे बंद हव्यात, नाहीतर नकाशा चुकतो. अंधारात बाहुली किती मोठी होते, झोन किती देणार, खाली किती मायक्रॉन उरणार, डोळे आत्ताच कोरडे आहेत का, हे चार प्रश्न सर्जनला विचारा. काउन्सेलरला नको, सर्जनला. आणि लग्नाची तारीख जवळ आहे म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवू नका. हळदीच्या दिवशी मी दर तासाला कोपऱ्यात जाऊन ड्रॉप्स टाकत होते, आणि सगळ्यांना वाटत होतं माहेर सुटतंय म्हणून रडते आहे.

## १२. फाईल जपून ठेवा, खूप वर्षं

हा टप्पा आज लागणार नाही. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू काढायची वेळ येईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाचा आकार धरावा लागतो, आणि लॅसिकने तो बदललेला असतो. हे सांगितलं नाही तर हिशेब चुकून नंबर उरतो. जुना नंबर आणि आधीचे के-रीडिंग मिळाले तर तेव्हाच्या सर्जनचं काम सोपं होईल. दवाखाने तोवर हलतात, बंद पडतात, सॉफ्टवेअर बदलतात. मी फाईलची एक झेरॉक्स घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे, एक स्कॅन करून स्वतःला मेल केली आहे, आणि पाकिटावर स्केच पेनने लिहिलंय: "मोतीबिंदूच्या वेळी उघडणे."